क्लॅटचं लॉजिकल रिझनिंग: दोन पर्यायांत अडकणं कसं सुटलं

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. तिच्यात १२० प्रश्न, २ तास आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण वजा. त्यातले २२ ते २६ प्रश्न लॉजिकलचे, म्हणजे तर्काचे, तेही उताऱ्यावर. माझं घोडं अडायचं ते गृहीतकाच्या प्रश्नावर, म्हणजे लेखकाने न सांगता काय धरून चाललंय ते ओळखण्यावर. दोन पर्याय सहज गळायचे, उरलेले दोन्ही बरोबर वाटायचे.

उपाय सापडला तो पर्याय उलटा करून पाहण्याचा. समजा, उताऱ्याचं म्हणणं आहे: हेल्मेटसक्ती केली की अपघाती मृत्यू घटतील. पर्याय एक, सक्तीमुळे निदान काही जण तरी नव्याने हेल्मेट घालतील. पर्याय दोन, हेल्मेट स्वस्त असतं. पहिला उलटा करा: सक्ती करूनही कोणीच नव्याने घालणार नाही. युक्तिवाद तिथेच कोसळतो, म्हणजे गृहीतक हेच. दुसरा उलटा केला तरी काही बिघडत नाही. महाग हेल्मेटही लोक दंडाच्या भीतीने घेतातच. (पुण्यात घेतात का, हा वेगळा वाद!)

अनुमानाच्या प्रश्नांना (उताऱ्यावरून काय निष्कर्ष निघतो?) मात्र ही युक्ती लावू नका. तिथे ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’ असे शब्द दिसले की उताऱ्यात तेवढा आधार आहे का, ते तपासायचं.

सरावाला मी रोजचा अग्रलेख घेतला. लेखकाचा निष्कर्ष पेन्सिलीने अधोरेखित करायचा आणि समासात त्याची कारणं लिहायची. मराठी अग्रलेखही चालतो, पण पेपर इंग्रजीत असल्याने आलटूनपालटून वाचलेलं बरं.