वारंवार उलट्या होत असतील तर दात कसे सांभाळावेत

उलटी झाली की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "लिंबू चोख, बरं वाटेल." आणि तोंडाची आंबट-कडू चव जावी म्हणून माणूस ब्रश नाहीतर मशेरी घेऊन मोरीत बसतो. मळमळीचं काय ते असो, दातांसाठी दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

जठरातल्या आम्लाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) १ ते ३ असतो. दातावरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं. उलटीनंतर त्याचा वरचा थर काही काळ मऊ पडतो. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट तो हळूहळू पुन्हा कडक करतं; पण तेवढ्यात ब्रश घासला तर तो थर निघून जातो आणि परत येत नाही. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३, म्हणजे आम्लावर आणखी आम्ल. एखाद्या दिवशी कन्नड घाटात गाडी लागली म्हणून दात झिजत नाहीत. गरोदरपणातल्या रोजच्या उलट्या, जुनं पित्त, अर्धशिशी, केमोथेरपी किंवा मुद्दाम काढलेल्या उलट्या असं आठवड्यांमागून आठवडे चाललं की झीज दिसू लागते.

उलटी झाल्याबरोबर

आधी साध्या पाण्याने दोन-तीन चुळा भरा. मग पेलाभर (२०० ते २५० मिली) पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्याची चूळ अर्धा मिनिट तोंडात खळखळवा आणि थुंका. गिळू नका, त्यात सोडियम असतं. गरोदरपणात किंवा रक्तदाब असेल तर हे नक्की पाळा.

सोडा कोणता, इथे गल्लत होते. इनो चालत नाही, त्यात सायट्रिक आम्ल असतं. बेकिंग पावडरीतही आम्ल मिसळलेलं असतं. धुण्याचा सोडा तोंड भाजतो. उन्हाळ्यात पापडासाठी आणून ठेवलेला पापडखारही नको. खाण्याचा सोडा घरात नसेल तर नुसतं पाणी किंवा थोडं दूध तोंडात फिरवलं तरी भागतं.

पुढचा तासभर

किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, ब्रश करू नका. चव अगदीच सहन होत नसेल तर ओल्या बोटावर किंचित पेस्ट घेऊन हिरड्यांना आणि जिभेला हलकं लावा, घासू नका. अधूनमधून पाण्याचे घोट घेत राहा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात अंगातलं पाणी आधीच घटलेलं असतं. त्यात उलट्या झाल्या की लाळ आटते, आणि दातांची खरी राखण तर लाळच करते. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा. लिंबूपाणी, कोकम, कोल्ड्रिंक या वेळी टाळा. गरोदरपणी कैरी-चिंचेचे डोहाळे लागतातच. खा, पण जेवणाबरोबर, आणि नंतर चूळ भरा. दिवसभर फोड चघळत बसणं वाईट.

रोजचा ब्रश

मऊ दात्यांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. दाढेपर्यंत मोठा ब्रश गेला की उबळ येते, तेव्हा लहान मुलांचा ब्रश वापरायला हरकत नाही. पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड लिहिलेलं बघा, साधारण १००० पीपीएम. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये ते नसतंच. ब्रशनंतर फेस थुंका. भरभरून चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका. सकाळी मळमळ जास्त असेल तर सकाळचा ब्रश दुपारी करा, रात्रीचा मात्र चुकवू नका. राखुंडी आणि मशेरी बंदच: दोन्ही खरखरीत, आणि मशेरी म्हणजे तंबाखूच.

शेवभाजी किंवा ठेचा-भाकरीवर ताव मारून लगेच आडवं झालं तर पित्त वर येतं आणि झोपेत दातांवर बसतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या.

आरशात काय पाहावं

झीज पहिल्यांदा समोरून दिसत नाही. वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूवर ती सुरू होते. खालचे दात जिभेखाली बरेचसे झाकले जातात. मोठ्या आरशासमोर तोंड उघडून आत छोटा आरसा धरा. आतली बाजू गुळगुळीत आणि पिवळसर दिसते का, दाताची कड पातळ आणि आरपार झाली आहे का, दाढेत जुनं चांदीचं भरण असेल तर ते दातापेक्षा उंच उभं राहिलंय का, ते पाहा. गार पाण्याने झिणझिण्या येणं हीही खूणच.

यातलं काही दिसलं तर दंतवैद्याला उलट्यांबद्दल स्पष्ट सांगा. कारण कळलं नाही तर ते नुसती झीज बुजवतील. फ्लोराइड वार्निश (दातांवर फासायचा फ्लोराइडचा लेप) लगेच लावता येतं, पण कॅपसारखं मोठं काम उलट्या आटोक्यात आल्यावरच करावं. नाहीतर कॅपच्या कडेला उरलेला दात झिजत राहतो. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे.

घरातलं तरुण पोर जेवण झालं की दर वेळी संडासात जात असेल आणि गाल कानाखाली सुजलेले दिसत असतील, तर ते मुद्दाम उलट्या काढत असू शकतं; रागावू नका. त्याला मानसोपचाराची गरज असू शकते. आणि दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद किंवा अगदी कमी होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर दात राहू द्या, आधी दवाखाना गाठा.