पावसाळ्याआधी पिकअपच्या हौद्याचं कव्हर तपासून घ्या

पेरणीच्या धावपळीत बियाणं आणि खत बहुधा पिकअपमधूनच येतं. युरिया हवेतला ओलावाही ओढून घेतो, मग गोणीवर पाणी ठिबकलं तर खडे होणारच. भिजलेल्या बियाण्याची उगवण तर भरवशाची राहत नाही. म्हणून पहिल्या पावसाआधी हौद्याचं कव्हर एकदा नीट पाहून घ्या.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा. दिसेल तिथे सिलिकॉन भरत सुटू नका. हौद्यात कोरडे कागद अंथरा, कव्हर बंद करा आणि नळीने हळू पाणी सोडा. सुरुवात खालून, फाळक्यापासून करा. मग दोन्ही बाजू आणि शेवटी केबिनकडची भिंत. वरून एकदम पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकी फट सापडत नाही. प्रत्येक भागानंतर कव्हर उघडून कागद बघा.

पाणी बऱ्याचदा केबिनकडच्या दोन कोपऱ्यांतून शिरतं, कारण तिथे आडवी आणि उभी रबरी पट्टी एकमेकींना भेटते आणि जोडात बारीक फट राहते. पट्टी टेकते की नाही हे पाहायला तिच्यावर खडूची पूड लावा, कव्हर बंद करून उघडा. समोरच्या पत्र्यावर जिथे खडू उमटला नाही, तिथे दाब कमी आहे. अशा वेळी आधी क्लॅम्प सैल करून कव्हर सरळ बसवा आणि दोन्ही बाजू सारख्या आवळा. नवी पट्टी विकत घ्यायची गरज कित्येकदा इथेच संपते.

पट्टी बदलायचीच असेल तर भरीव किंवा बंद छिद्रांचं रबर घ्या. साधा स्पंज पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा गंजवतो. जुना गोंद खरवडून, पत्रा स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळल्यावरच नवी पट्टी चिकटवा. ती ताणून लावू नका. ताणलेलं रबर पुढे आखडतं आणि कोपरे उघडे पडतात. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, बऱ्याच प्रकारचं रबर त्याने फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.

फाळक्याच्या बिजागरीजवळची फट विसरू नका. चाकांचं उडालेलं पाणी तिथून वर येतं. मात्र हौद्याच्या तळाची निचऱ्याची भोकं कधीही बुजवू नका. उलट तार घालून त्यातला चिखल आणि पाला काढा. गुंडाळणाऱ्या काही कव्हरना निचऱ्याच्या नळ्या असतात, तशा असतील तर त्याही मोकळ्या आहेत ना ते पाणी ओतून बघा.

पट्टी कितीही चांगली असली तरी जोरदार पावसात थोडं पाणी आत येऊ शकतं. त्यामुळे गोण्या थेट तळावर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचा. ओली भाजी किंवा नुकताच तोडलेला माल असेल तर बंद कव्हरखाली आतून घाम धरतो आणि गळती नसतानाही माल ओला होतो. असा माल उतरवल्यावर कव्हर उघडं ठेवून हौदा वाळू द्या, मगच खत भरा.