किडनीचा आजार किती वेगाने वाढेल? अंदाज बांधताना या चुका टाळा

फाईल उघडायच्या आधीच नातेवाईक सांगतात, "डॉक्टर, क्रिएटिनिन १.२ च आहे, म्हणजे किडनी चांगली ना?" पुढच्या पाच वर्षांचा अंदाज या एका आकड्यावर बांधणं ही मला रोज दिसणारी चूक. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, जो किडनी गाळून बाहेर टाकते. तोच १.२ पंचविशीतल्या तरुणाचा असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ८६ येतो, सत्तरीच्या आजींचा असेल तर जेमतेम ४९. वाळलेल्या शरीरयष्टीच्या माणसात हा ४९ सुद्धा फसवा असू शकतो. तिथे सिस्टॅटिन सी, म्हणजे स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेलं रक्तातलं प्रथिन, तपासून घ्यावं.

दुसरी चूक म्हणजे लघवीची तपासणीच न करणं. हिचं मला फार वाईट वाटतं, कारण तपासणी साधी आहे. ईजीएफआर ४५ असलेले दोघे घ्या: एकाचा एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण, १० आणि दुसऱ्याचा ८००. रक्ताचा रिपोर्ट सारखाच, पण दुसऱ्याची किडनी बहुधा खूप लवकर थकते. २०११ मध्ये नवदीप टांगरी आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर एवढ्यावरच दोन आणि पाच वर्षांतला डायलिसिसचा किंवा प्रत्यारोपणाचा धोका सांगतं. ते ईजीएफआर ६० च्या खाली असलेल्यांसाठीच आहे. आकडे भरताना एकक बघा. आपल्याकडचा रिपोर्ट बहुधा मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये असतो. तो मिलिमोलच्या रकान्यात टाकला तर एसीआर जवळजवळ नऊपट धरला जातो आणि घरात उगाच रडारड होते.

जुलाब लागलेत, ताप आहे, गुडघ्यासाठी आठवडाभर वेदनाशामक गोळ्या चालू आहेत, अशा वेळचा रिपोर्ट आलेखात धरू नका. बरं वाटल्यावर पुन्हा तपासा. बिघाड तीन महिने टिकला तरच तो जुनाट म्हणायचा. दोन रिपोर्टांमधून सरळ रेघ ओढून "अमुक महिन्यात डायलिसिस" असंही सांगू नये.

टेल्मिसार्टन (रक्तदाबाची गोळी) किंवा डॅपाग्लिफ्लोझिन (मूळची मधुमेहाची गोळी) सुरू केल्यावर ईजीएफआर थोडा उतरतो. लोक घाबरून गोळीच बंद करतात, आणि तीच गोळी पुढे किडनी राखणारी असते. टेल्मिसार्टननंतर चार आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा चालतं. पोटॅशियम मात्र बघावंच लागतं. गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ऐंशीच्या आजोबांना टांगरींचं सूत्र धोका जास्त दाखवू शकतं, कारण त्या वयात हृदयविकार बऱ्याचदा आधी गाठतो.

धोका खरंच मोठा निघाला तर तो आकडा फाईलमध्ये पडून राहू देऊ नका. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांतला धोका ४० टक्क्यांच्या वर गेला की डायलिसिसच्या फिस्टुलाची किंवा प्रत्यारोपणाची तयारी सुरू करावी. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातातली शीर धमनीला जोडणं; ती पिकायला, म्हणजे वापरण्याजोगी व्हायला, आठवडे, कधी महिने लागतात. तोवर उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या हाताच्या शिरा जपाव्यात. रक्त काढायला सिस्टर आल्या की हाताच्या पंजाच्या मागची शीर पुढे करा.