ओगासावाराला निघण्यापूर्वी

आधी बोटीचं वेळापत्रक बघा. रजेचा अर्ज आणि विमानाचं तिकीट त्यानंतर. ओगासावारा बेटं कागदोपत्री टोकियोतच मोडतात, पण आहेत टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १००० किलोमीटरवर, आणि तिथे प्रवासी विमानं जात नाहीत. टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून सुटणारी ओगासावारा मारू ही बोट २४ तासांनी चिचिजिमा या मुख्य बेटाला लागते. गर्दीचा हंगाम सोडला तर साधारण आठवड्याला एकच फेरी. तीच बोट बेटावर तीनेक रात्री थांबून माघारी फिरते, त्यामुळे सहा दिवस धरूनच चाला. वादळांच्या दिवसांत तेही हुकतं, म्हणून परतीच्या विमानाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. एवढी सवड नसेल तर सरळ विमानाने गाठता येणाऱ्या ओकिनावा बेटांवर जावं, उगीच ओढाताण नको.

तिकिटाबरोबरच राहण्याची जागा पक्की करा. तंबू ठोकायला बंदी आहे, गाडीत झोपायलाही. बोट लागत असेल तर गोळी धक्क्यावरच घ्या, कारण वाटेत कुरोशिओ हा जोरदार सागरी प्रवाह ओलांडावा लागतो. बोटीवर मोबाइलची रेंज बराच वेळ नसते. नेहमीची औषधं जास्तीची ठेवा: बेटावर दवाखाना आहे, पण गंभीर रुग्णाला लष्करी विमानानेच मुख्य भूमीवर हलवावं लागतं. रोख येनही पुरेसे असू द्या.

आता बूट, आणि इथे घाई नको. ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती, त्यामुळे इथल्या कितीतरी गोगलगायी आणि झाडं जगात दुसरीकडे नाहीत. २०११ साली जागतिक वारशाचा मान मिळाला तो याच जोरावर. चिचिजिमावर बाहेरून आलेल्या एका चपट्या किड्याने या गोगलगायींचा जवळपास फडशा पाडला. तो किडा मातीतून पसरतो. म्हणून घरीच बुटांच्या तळव्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने साफ करा, मोजे उलटे करून झटका, बॅगेच्या वेलक्रोत अडकलेल्या बिया चिमट्याने काढा. पायवाटांच्या तोंडाशी ब्रश ठेवलेले असतात, तिथे पुन्हा तेच करायचं. मिनामिजिमा या जवळच्या छोट्या बेटावर जायचं असेल तर गाइड आधी ठरवा. दिवसाला १०० माणसं आणि दोन तास, एवढीच मुभा.

जेवणाचं सांगायचं तर दुकानातला बहुतेक माल याच बोटीने येतो, त्यामुळे बोट यायच्या आदल्या दिवशी फळ्या रिकाम्या दिसतात. शाकाहारी लोकांनी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, उपम्याचा भाजलेला रवा न्यावा. साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही माशाचं पाणी असतं. मासे चालत असतील तर शिमाझुशी, म्हणजे बेटावरची सुशी, खाच, त्यात वसाबीऐवजी मोहरी असते. काही ठिकाणी कासवाचं मांसही मिळतं, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

एखादी संध्याकाळ इतिहासाला द्या. १८३० साली हवाईहून आलेले गोरे आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक इथले पहिले कायमचे रहिवासी. जपानचा ताबा आला १८७६ मध्ये. १९४४ साली युद्धामुळे बहुतेक बेटवासीयांना हलवलं गेलं आणि नंतर १९६८ पर्यंत कारभार अमेरिकेकडे होता. एवढं ठाऊक असलं की सेव्हरी अशा इंग्रजी आडनावाचा जपानी माणूस भेटल्यावर चक्रावायला होत नाही.

कुबड्या देवमाशांसाठी फेब्रुवारी-मार्च गाठा. हाहाजिमा हे दुसरं बेट चिचिजिमाहून बोटीने आणखी दोन तासांवर. तिथला मेगुरो पक्षी बघायचा तर दुर्बीण लागेल. परतीच्या सामानात पॅशनफ्रूटचा जॅम खुशाल भरा. रताळी मात्र नाहीत, किडीच्या भीतीने ती मुख्य भूमीवर नेऊ देत नाहीत.