फोर्क दबला की वर येईना: घोळ तेलाच्या 'वेट'चा

डॅम्परचं (फोर्कची वरखाली हालचाल तेलाने आवरणारा भाग) तेल बदललं आणि ओळीने दणके बसले की माउंटन बाइकचा फोर्क (पुढच्या चाकाला धरणारा, दणके शोषणारा चिमटा) दर दणक्याला आणखी खाली बसू लागला. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने वर येईल ते ठरवणारी सेटिंग, पूर्ण उघडा (सर्वात वेगवान) ठेवला तरी तेच. फोर्कमधल्या हवेचा दाब बदलून पाहिला, सील नवे टाकले. महिनाभर डोकं पिकलं.

जुनं तेल ५ वेट (तेलाच्या दाटपणाचा आकडा), नवंही ५ वेट, फक्त कंपनी वेगळी. पण वेटचं कंपन्यांमध्ये एकसारखं माप नाही. एकीचं ५ दुसरीच्या ५ पेक्षा चांगलंच दाट असू शकतं. तेल दाट असलं की फोर्क सावकाश वर येतो, तोवर पुढचा दणका बसतो. बघायचा आकडा ४० अंश सेल्सिअसला असलेल्या सेंटिस्टोक्सचा (दाटपणा मोजायचं एकक). तो बहुतेकदा तेलाच्या डेटाशीटवरच सापडतो.

मग आधी हवा पूर्ण सोडली. डॅम्पर उघडून तेल बाहेर ओतलं, दांडा वरखाली करत उरलंसुरलंही काढलं. मॅन्युअलमधल्या तेलाच्या सेंटिस्टोक्सशी जुळणारं तेल सांगितलेल्या उंचीपर्यंत भरलं. दांडा सावकाश चालवला. 'चुळुक' आवाज येतोय तोवर आत हवा आहे. बुडबुडे थांबल्यावर उंची पुन्हा मोजली, मग झाकण बंद, हवा भरली.

आता रिबाउंड मधोमध ठेवूनही फोर्क लगेच वर येतो. खालच्या नळ्यांतलं तेल निराळं, ते निव्वळ वंगणाला. डॅम्परमध्ये ते घालू नका.