सिडनीत नवीन आलेल्या मैत्रिणींनो, मॅमोग्राम पुढच्या इंडिया ट्रिपवर ढकलू नका

इथे आल्यावर घर, मुलांची शाळा, लायसन्स यातच पहिलं वर्ष जातं आणि चाळिशी उलटलेल्या बायका स्वतःचा मॅमोग्राम (स्तनाचा कॅन्सर शोधायला काढतात तो एक्स-रे) "पुण्याला गेले की करून टाकेन" म्हणून ठेवून देतात. आमच्या ईस्टवूडमध्ये कोरियन शेजारणी भरपूर, त्यांचंही हेच, सोलला गेल्यावर बघू. खरं तर कोरियात सरकारी योजनेत चाळिशीपासून दर २ वर्षांनी मॅमोग्राम असतो, म्हणजे त्यांना सवय आहे, तरी इथे आल्यावर ती सुटते कारण भाषेची अडचण आणि कुणाला विचारायचं तेच कळत नाही. आपल्याकडे तर मुळात ती सवयच नाही, म्हणून कळकळीने सांगतेय.

ब्रेस्टस्क्रीन ही इथली सरकारी सेवा, १९९१ पासून आहे. ४० च्या पुढे दर २ वर्षांनी मॅमोग्राम फ्री, जीपीची (इथल्या फॅमिली डॉक्टरची) चिठ्ठी लागत नाही. ५० ते ७४ वयाच्या बायकांना पत्र येतं, पण नवीन आलेल्यांची नावं यादीत असतीलच असं नाही, त्यामुळे पत्राची वाट न बघता सरळ १३ २० ५० ला फोन करा, व्हिसा किंवा मेडिकेअरचं (इथली सरकारी आरोग्य योजना) काही असेल तर तेही तिथेच विचारून घ्या. इंग्रजीत बोलायला अवघड वाटलं तर १३१ ४५० वर दुभाषी मागा. माझ्या ओळखीतल्या काही कोरियन बायकांनी तर भाषांतरासाठी मुलाला सोबत न्यावं लागेल या संकोचानेच कितीतरी दिवस टाळलं होतं, तशी काही गरज नसते.

त्या दिवशी टॉप आणि पँट असं वेगवेगळं घाला, डिओ-पावडर लावू नका, आधी भारतात मॅमोग्राम झाला असेल तर ते रिपोर्ट आणि फिल्म न्या. मशीनवर बाईच असते. मशीनने स्तन दाबल्यावर दुखतं थोडं, पण काही सेकंदच.

कोरियात सोबत सोनोग्राफीही करून घेतात बऱ्याच जणी, त्यामुळे इथला नुसता मॅमोग्राम त्यांना अर्धवट वाटतो. पण इथे दोन डॉक्टर तेच फोटो स्वतंत्रपणे बघतात आणि शंका आली तर परत बोलावून सोनोग्राफी वगैरे करतात. असं बोलावणं आलं तर घाबरून घरी बसू नका प्लीज, बहुतेकींचं काही निघत नाही. आणि "आमच्या घरात कुणालाच नाही" हे कारण तर देऊच नका, ज्यांना स्तनाचा कॅन्सर होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणाला झालेलाच नसतो.

गाठ लागली, निपलमधून काही येतंय, कातडी ओढल्यासारखी दिसतेय, तर मात्र स्क्रीनिंगच्या तारखेसाठी थांबायचं नाही, वय काहीही असो, लगेच जीपीकडे जा.