सर्पदंशाचा रुग्ण खरंच सुधारतोय का? देखरेख करताना या चुका टाळा

विषारी साप चावल्यावर पहिले काही तास सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: सर्पविषावरचं इंजेक्शन, म्हणजे एएसव्ही, मिळालं का? ते मिळालं, रुग्ण चार शब्द बोलला, की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि देखरेख सैल पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं सर्पदंशाने दगावतात आणि त्याच्या साधारण तिप्पट लोकांचा हात-पाय तरी कापावा लागतो किंवा त्यांना कायमचं अपंगत्व येतं. ही तिप्पट माणसं जिवंत राहिलेली आहेत. त्यांच्यातल्या काहींचं नुकसान तरी वेळेवर लक्षात आलं असतं तर टळलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून हा लेख वॉर्डात नव्याने काम करणाऱ्यांसाठी आहे, तसाच रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकांसाठीही.

‘सूज कमी वाटतेय’

वाटण्यावर जाऊ नका. सूज जिथे संपते तिथे कातडीवर मार्करने रेघ ओढा आणि रेघेशेजारी वेळ लिहा. साधं पेन अंग पुसताना निघून जातं. पायाचा घेर मोजायचा असेल तर जागा ठरवून घ्या, समजा गुडघ्याच्या वाटीखाली १० सेंटिमीटर, आणि तिथेही खूण करा. सकाळी एकाने मोजलं, रात्री दुसऱ्याने दोन बोटं वर टेप लावली, की कागदावर सूज वाढलेली किंवा उतरलेली दिसते आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. चांगला पायही मोजा, म्हणजे तुलनेला आधार मिळतो.

सूज दोन-तीन दिवस वाढू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नका. पण दुखणं सुजेच्या मानाने फारच जास्त असेल, बोटं हलकेच ताणली तरी रुग्ण कळवळत असेल, बोटं बधिर किंवा गार पडली असतील, तर सकाळच्या राउंडची वाट न बघता डॉक्टरांना उठवा. आणि दुखतंय म्हणून स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅक, इबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, मूत्रपिंडावरही ताण येतो.

वीस मिनिटांची चाचणी, आणि ती बिघडवण्याचे मार्ग

घोणस, फुरसे यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. शिरेतून काढलेलं दोन-तीन मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं नळीला हातसुद्धा लावायचा नाही आणि मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त वाहिलं तर ते गोठत नाहीये. इतकी सोपी चाचणी, पण चुकते ती तपशिलात. काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकने ती तशी होत नाही. साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. म्हणून नळी काचेची, नवी आणि कोरडी हवी. पाचव्या मिनिटाला ‘झालं का बघू’ म्हणून हलवली, तर निकाल गेला.

वेळेची चूक तर त्याहून नेहमीची. एएसव्ही दिल्यावर तासाभरात चाचणी करून ‘अजून गोठत नाही’ म्हणत पुढचा डोस चढवला जातो. एएसव्ही विष निकामी करतं, पण संपलेले रक्त गोठवणारे घटक यकृताला नव्याने तयार करावे लागतात. त्याला साधारण ६ तास लागतात. म्हणून फेरचाचणी ६ तासांनी. आणि एकदा रक्त गोठलं की विषय संपला, असंही नाही. दंशाच्या जागी साठलेलं विष हळूहळू रक्तात उतरत राहतं आणि गोठणं पुन्हा बिघडू शकतं. पुढचा किमान एक दिवस दर ६ तासांनी बघत राहायला हवं.

‘झोपलाय, झोपू द्या’

मण्यार किंवा नाग चावलेल्या माणसाच्या बाबतीत हे वाक्य घातक ठरू शकतं. पापण्या जड होणं ही झोप नसते, तो लकव्याचा पहिला इशारा असू शकतो. रुग्णाला उठवा, वर बघायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा, उशीवरून मान उचलायला सांगा. एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर वेळी लिहा. मघाशी तीसपर्यंत मोजणारा आता अठरावर थांबत असेल, तर श्वासाचे स्नायू थकत चाललेत. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ऑक्सिजन चालू असताना त्यावरचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो आणि श्वास आतून खचत असतो.

मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा होते, त्यामुळे एकदा आलेला लकवा एएसव्हीने लगेच उतरत नाही. व्हेंटिलेटरवर कित्येक दिवस जाऊ शकतात. अशा रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या आणि स्थिर असू शकतात, शरीर जराही हलत नाही, तरीही तो पूर्ण शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. त्याचा मेंदू मृत झाला (ब्रेन डेड) असं ठरवण्याची घाई म्हणजे अनर्थ. त्याच्याशी बोला, काय चाललंय ते सांगत राहा.

लघवी ‘झाली’ एवढं पुरत नाही

किती झाली, कोणत्या रंगाची झाली, हे लिहा. मोठ्या माणसात ताशी दर किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर, याखाली लघवी जात असेल किंवा ती काळपट-लाल दिसत असेल तर लगेच कळवा. घोणसीच्या दंशात मूत्रपिंड निकामी होण्याची भीती मोठी असते. लघवी बरी होत असतानाही क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर रक्तात वाढणारा घटक) चढू शकतं, म्हणून घरी सोडल्यावर काही दिवसांनी रक्ततपासणी पुन्हा करून घ्या.

घरी आल्यावर

पाच ते चौदा दिवसांच्या दरम्यान ताप, अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधी, सांधेदुखी, गाठी येणं असं सुरू झालं की घरातले ‘विष उतरलंच नव्हतं’ म्हणून हादरतात. बहुतेक वेळा ही एएसव्हीमधल्या प्राण्यांच्या प्रथिनांवरची उशिरा येणारी प्रतिक्रिया असते. डॉक्टरांना दाखवा, थोड्या दिवसांच्या औषधांनी ती शमते. पुन्हा एएसव्ही लागत नाही.

सुधारणा मोजायची तर ‘बरं वाटतंय का’ विचारून भागत नाही, रुग्ण ‘हो’ म्हणून मोकळा होतो. त्याला स्वतःलाच महत्त्वाची वाटणारी तीन-चार कामं सांगू द्या: जिना चढणं, उकिडवं बसणं, बादली उचलणं. प्रत्येकाला ० ते १० गुण द्या, अजिबात जमत नाही तर ०, पूर्वीसारखं जमतं तर १०. दर आठवड्याला तीच कामं, तोच कागद. गुण अडकून पडले, सांधा आखडला किंवा जखमेभोवती कातडी काळी पडत गेली, तर फिजिओथेरपिस्ट किंवा सर्जनकडे लवकर जा. रात्री दचकून उठणं, घराबाहेर पडायची धास्ती हेही याच कागदावर लिहा, तेही उपचारांनी सुधारतं.

एक गोष्ट फार उशिरा समोर येते. घोणसीच्या दंशातून वाचलेल्या काहींच्या पीयूषिका ग्रंथीला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन बनवणाऱ्या पिट्युटरीला, इजा झालेली असते. त्याची लक्षणं काही महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात: न संपणारा थकवा, रक्तदाब किंवा साखर खाली जाणं, थंडी सोसेनाशी होणं, अंगावरचे केस विरळ होणं, पाळी बंद होणं. अशा वेळी नुसत्या टॉनिकवर दिवस काढू नका. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात तर ते पुढे करून आधी सांगा: ‘मला अमुक साली घोणस चावली होती, हार्मोन तपासायचे का?’